ट्वीटरचा कंडेन्सर निवडताना

वडिलांच्या जुन्या स्पीकरच्या जोडीपैकी डाव्या खोक्यातून अभंगातल्या टाळांचा आवाज गोणपाटाआडून आल्यासारखा येऊ लागला, तेव्हा ट्वीटरच, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकरच, गेला असे मी धरून चाललो होतो. खोके उघडून मल्टिमीटर लावला, तर त्याचा रोध सव्वासहा ओहम, म्हणजे ८ ओहमच्या ट्वीटरला साजेसाच निघाला. उरला तो खालचे स्वर अडवण्यासाठी त्याच्या आधी जोडलेला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर, म्हणजे धन-ऋण टोकांचा भेद नसलेला, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याचा एक पाय सोडवून मोजले, तेव्हा जेमतेम ३.४ भरले. अशा कंडेन्सरमधला द्राव वर्षानुवर्षे सुकत जातो, त्याची धारिता (मायक्रोफॅरडमध्ये मोजतात ती वीज साठवण्याची क्षमता) घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. ८ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड असले की ट्वीटरची हद्द सुमारे ४,२०० हर्ट्‌झला सुरू होते, ३.४ ला ती ५,८०० च्या पुढे सरकते आणि त्याखालचा आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरत असल्याने मधला भाग पोकळ लागतो.

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत पहिल्या दुकानदाराने साधा इलेक्ट्रोलिटिक पुढे केला. त्यावर ऋण टोकाची पट्टी होती आणि स्पीकरमधून वाहते ती उलटसुलट वीज, म्हणून तो परत दिला. दुसऱ्याने पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढला. मला हसू आले, पण ते चुकीचे होते, कारण त्याच्या आतही पॉलिप्रॉपिलीनचीच फिल्म, म्हणजे न सुकणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, असते आणि दोन समांतर जोडले की ५ मायक्रोफॅरड होतात. तरीही जोडीसाठी चार डबे बसवण्यापेक्षा तिसऱ्या दुकानातील ‘४७५जे’ छापलेले, म्हणजे ४.७ मायक्रोफॅरड आणि अधिक-उणे ५ टक्के फरकाचे, २५० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर मी पसंत केले. माझा ५० वॉटचा अँप्लिफायर ८ ओहमवर शिखराला २८ व्होल्टच्या आसपास देतो. त्यामुळे १०० व्होल्टचेही पुरले असते आणि ६३० व्होल्टसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. चार नग मोजून त्यांतले ४.६६ आणि ४.६८ भरलेले दोन निवडले व दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एकाच बाजूचा बदलल्यास गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही.

पहिल्या दिवशी टाळ कानाला टोचले. जुन्या कंडेन्सरचा अंतर्गत रोध आता नाहीसा झाला होता. म्हणून ट्वीटरच्या आधी १ ओहम, ५ वॉटचा पांढरा चिनी मातीचा रेझिस्टर जोडला. आवाज साधारण १ डेसिबलने उतरला आणि मग खोक्यांचे स्क्रू आवळले.