वसूल झाले का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात विचारता, बारशाला विचारता, परवा तर एका तेराव्याच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलं, "तूच ना तो, पावणेदोन लाखांचं कार्ड घेतलेला? वसूल झाले का रे पैसे?" पानात लाडू होता, यजमान आग्रह करत होते, मी "हो, झाले की" म्हणून मोकळा झालो. ते खोटं नव्हतं. खरं होतं असंही नाही. म्हणून आता एकदाच नीट लिहून टाकतो.

मी पोटासाठी काय करतो हे तुम्हाला माहीत आहे. न बांधलेल्या इमारतींची बांधून झाल्यासारखी चित्रं काढतो. ती काढायला कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड लागतं, चित्रं काढणारा वेगळा भागच तो. त्यामुळे "एवढं महाग ग्राफिक्स कार्ड कशाला, गेम खेळायला?" हा टोमणा मी बाजूला ठेवतो. (खेळतो. शनिवारी रात्री.)

तुम्ही ज्या कार्डाबद्दल विचारता ते एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०९०, जानेवारी २०२३ मध्ये घेतलेलं. त्याचा हिशोब सोपा आहे, देतो. पण त्याच्या आधी एक ३०८० होतं, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, कारण त्याची खरी किंमत मी कुणाला सांगितलीच नव्हती. घरी ऐंशी हजार सांगितले होते. बायकोला नंतर कळलं, ते प्रकरण मिटलंय, त्यात पडू नका.

सप्टेंबर २०२० मध्ये ही कार्डं आली तेव्हा एनव्हिडियाने भारतातली किंमत सांगितली होती ३०८० ला ७१,००० आणि ३०९० ला १,५२,०००. त्या भावात कार्ड मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. चिप्सचा तुटवडा, लॉकडाऊनमुळे घरोघरी नवे पीसी, आणि वर इथेरियमचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डांवर रात्रंदिवस गणितं चालवून ते आभासी चलन कमावणारे, एकेक जण दहा-दहा कार्डं उचलत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मला ३०८० मिळालं १,२८,००० ला, तेही "सोबत मॉनिटर घ्यावा लागेल" या अटीवर. मॉनिटर नको होता. घेतला.

आणि मी खूश होतो हो. कारण माझ्याकडे एक्सेल होतं. दर कार्डाची किंमत भागिले फ्रेम्स (गेममध्ये कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं ते), म्हणजे एका फ्रेमला किती रुपये. सगळ्या परीक्षणांत तेच दिसत होतं: फोर-के स्क्रीनवर ३०९० फार तर दहा-पंधरा टक्के पुढे, आणि किंमत दुपटीहून जास्त. पुण्यातच कर्वेनगरच्या माझ्या एका मित्राने तरीही ३०९० घेतलं. मी त्याला चारचौघांत म्हणालो, "पंधरा टक्क्यांसाठी दुप्पट? पैसे काय झाडाला लागलेत तुझ्या?" तो नुसता हसला. माझ्या शीटमध्ये मेमरीचा रकानाही होता, ३०८० ला १० जीबी, ३०९० ला २४ जीबी. पण त्याने कशाला भागायचं ते मला कळेना, म्हणून मी तो रकाना लपवून टाकला. एक्सेलमध्ये राइट क्लिक, हाइड. इतकं सोपं होतं.

आता ती रात्र.

एप्रिल २०२१. वाकडच्या बाजूला दोन टॉवर, एका आर्किटेक्टचं काम, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला झूमवर बिल्डरला दाखवायचं. सहा चित्रं, सगळी तयार. दुपारी चारला आर्किटेक्टचा फोन, "सर, बाकी मस्त आहे, पण झाडं जरा प्लॅस्टिकची वाटतायत. थोडी खरी करा ना." मलाही ती प्लॅस्टिकचीच वाटत होती. मग मी चांगली झाडं आणली. गुलमोहर, कडुनिंब, रेन ट्री. खोडाच्या सालीवरच्या भेगा मोजता येतील अशी. लावताना मजा आली, खोटं कशाला बोलू. साडेनऊला जेवलो, पावणेदहाला रेंडरचं, म्हणजे कार्डाला अंतिम चित्र काढायला लावायचं, बटण दाबलं.

कार्डाचे पंखे जोरात सुटले आणि चार-पाच सेकंदांत खाली बसले. चालू कार्डाचा आवाज भरून राहिलेला असतो, खोलीतल्या माणसासारखा. तो गेला की कळतं. स्क्रीनवर एकच ओळ: जीपीयूची (म्हणजे कार्डाची) मेमरी संपली.

ब्राउझर बंद केला. परत दाबलं. पंखे वर, पंखे खाली. तो जबरदस्तीने गळ्यात मारलेला दुसरा मॉनिटर काढून ठेवला, तेवढीच थोडी मेमरी सुटेल म्हणून. वर, खाली. रेन ट्री सगळे काढले तेव्हा कुठे सुरू झालं, पण चित्राची डावी बाजू वणवा लागून गेल्यासारखी उघडी दिसायला लागली. मग प्रोसेसरवर टाकून बघितलं. त्याला मशीनची ३२ जीबी रॅम असते, मावेल. मावलं. माझा सहा कोअरचा रायझन अंदाज दाखवू लागला, एका चित्राला दोन तास पन्नास मिनिटं. सहा चित्रांचे सतरा तास. घड्याळात वाजले होते साडेबारा.

तेव्हा त्या कर्वेनगरवाल्याला फोन केला. तीनदा उचलला नाही, एक वाजून दहा मिनिटांनी उचलला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डिस्क घेऊन ये, अर्ध्या तासात लावून देतो." धायरीहून कर्वेनगर काही लांब नाही. पण ती एप्रिल २०२१ ची रात्र होती. संचारबंदी होती, आणि पोलिसांना काय सांगणार होतो? झाडं मावत नाहीत म्हणून? मग अपलोड. प्रोजेक्टचं फोल्डर १४ जीबी, माझं अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे तीन तासांच्या वर. लावलं आणि त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलो. तीन वाजून गेल्यावर साठ टक्क्यांना इंटरनेट गेलं. आलं तेव्हा पट्टी पुन्हा शून्यावर.

साडेचारला मी जुन्या, प्लॅस्टिकच्या झाडांची फाइल उघडली आणि ती लावली. एका चित्राला पंचवीस मिनिटं. सव्वासातला सहाही चित्रं गेली. मीटिंगमध्ये कुणी ओरडलं नाही. बिल्डरसाहेबांनी फक्त विचारलं, "झाडं तीच आहेत का?" आर्किटेक्ट म्हणाला, "हो, ते अपडेट करतोय आपण." पुढच्या फेजचं साडेचार लाखांचं काम दुसऱ्याकडे गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मित्राने मात्र त्या रात्रीवरून मला आजतागायत एकदाही चिडवलेलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी पार उलटा झालो. जो भेटेल त्याला सांगायला लागलो, फ्रेम्स बघू नका, मेमरी बघा. वेग कमी पडला तर काम उशिरा होतं, मेमरी कमी पडली तर होतच नाही. ऐकणाऱ्याला पटायचंही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, सेकंडहँड बाजारात कार्डांचा पूर आला, आणि माझं सव्वा लाखाचं ३०८० मी त्रेचाळीस हजारांना विकलं. घ्यायला आलेल्या मुलाने तीनदा विचारलं, "दादा, मायनिंगला तर नव्हतं ना वापरलं?"

मग ४०९०. २४ जीबी. कंपनीने जाहीर केलेली किंमत १,५५,०००, मला पडलं १,७०,०००. त्याला एक हजार वॉटचा पॉवर सप्लाय लागला, आणि कार्ड हातभर लांब असल्याने कॅबिनेटही नवीन. एकूण १,९५,०००. म्हणजे तुम्ही म्हणता त्या पावणेदोन लाखांत वीस हजार मिळवा. पंचवीस मिनिटांचं चित्र अकरा मिनिटांत होऊ लागलं. ४५० वॉटचं कार्ड, पण मी पॉवर लिमिट सत्तर टक्क्यांवर ठेवतो. वेगात फरक जाणवत नाही म्हणावा इतका कमी पडतो आणि खोली तापत नाही. कार्डाला वीज देणाऱ्या त्या सोळा पिनांच्या कनेक्टरच्या वितळण्याच्या बातम्या मी घेण्याआधीच येऊन गेल्या होत्या, त्यामुळे पहिले दोन महिने रोज सकाळी टॉर्च मारून तो पूर्ण आत बसलाय का ते बघायचो. देवाला दिवा लावावा तसा. सीए म्हणतो, कॉम्प्युटरवर वर्षाला चाळीस टक्के घसारा, वहीत ते कधीच जुनं झालंय. तर या कार्डाने पैसे काढले का? काढले. दीड वर्षात. वाढलेल्या कामातून, कागदावर दाखवता येतील असे.

इथे थांबलो असतो तर हे फार छान झालं असतं.

गेल्या गणपतीत जुन्या डिस्क साफ करताना ती वाकडची फाइल सापडली. नव्या कार्डावर उघडली. अर्थात मावली, साडेअकरा जीबी. सहज म्हणून बघितलं, एवढं खातंय काय? तर झाडांना लावलेली चित्रं. साल, पानं, पानांची मागची बाजू. सगळी एट-केची. डिस्कवर अशी जेपीजी पन्नास-एक एमबीची दिसते, पण रेंडर करताना ती पूर्ण उलगडते. ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एका चित्राला २५६ एमबी. अशी तीस होती. साडेसात जीबी नुसती साल आणि पानं! आणि ज्या गुलमोहरासाठी हे सगळं, तो चित्रात दोन बोटं उंचीचा.

सगळी टू-केवर, म्हणजे २०४८ गुणिले २०४८ वर आणली. एकेक १६ एमबी. वीस मिनिटं लागली. परत रेंडर लावलं, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून झूम करकरून बघितली. मला फरक ओळखता आला नाही. मेमरी किती लागली? साडेचार जीबी. ३०८० तर सोडाच, त्याच्या आधी माझ्याकडे असलेल्या सहा जीबीच्या २०६० मध्येसुद्धा ते मावलं असतं.

म्हणजे त्या रात्री कार्ड कमी पडलं नव्हतं.

की पडलं होतं? कारण दुसरी बाजूही माझीच आहे आणि ती मला सोडत नाही. रात्री एक वाजता, हात कापत असताना, कुणाला सुचतं सालीची चित्रं मोजायला? आजही रात्री अकराला मेसेज येतो, "सर, गुलमोहराच्या जागी बहावा चालेल का?" मी बहावा टाकतो, बटण दाबतो, झोपायला जातो. ही झोप १,७०,००० ला महाग आहे का? पण मग लगेच आठवतं, वीस मिनिटांचं काम शिकायला मला तीन-साडेतीन वर्षं लागली, आणि ती लागली कारण मोठं कार्ड आल्यावर शिकायची गरजच उरली नाही. हेही सांगून टाकतो, मेमरी ही सबब हाताशी नसती तरी मी ते घेतलं असतं. दुकानात खोकं उघडलं तेव्हा मी जीबी मोजत नव्हतो. कॅबिनेटची काच मी मुद्दाम दाराच्या बाजूला ठेवली आहे, येणाऱ्याला दिसावं म्हणून. धंद्याचा हिशोब मी नंतर मांडला, आणि तो जुळला हे माझं नशीब.

वाकडचे ते टॉवर उभे राहिले, बरं का. मध्यंतरी तिकडून गेलो. गुलमोहर नाही, रेन ट्री नाही. गेटपाशी सहा बॉटल पाम आहेत, अगदी प्लॅस्टिकचे वाटावेत असे.

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला. नातवाला ५०९० पाहिजे म्हणे. २०२५ मध्ये आलं तेव्हा दोन हजार डॉलर जाहीर किंमत असलेलं कार्ड, ३२ जीबी, ५७५ वॉट. मी विचारलं, मॉनिटर कुठला आहे त्याचा? मामाने आत विचारून सांगितलं, साधा, १०८०पी, ६० हर्ट्झचा. मी म्हटलं, मामा, त्या मॉनिटरला सेकंदाला साठच चित्रं दाखवता येतात, कार्डाने दोनशे काढली तरी वरची वाया. चाळीस हजारांच्या आतलं कार्ड घ्या, उरलेल्या पैशांत चांगला मॉनिटर आणि खुर्ची घ्या, आणि त्याला आधी विचारा की तो नेमकं काय चालवणार आहे. अगदी शहाण्यासारखं बोललो. पलीकडे जरा वेळ शांतता.

"पण तू तर घेतलंस ना मोठं?" मामा म्हणाला. "मग? वसूल झाले का नाही?"

मी म्हटलं, मामा, नातवाला फोन दे.