आधी सालोटा, मग साल्हेर

नाशिक जिल्ह्यातला साल्हेर किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. खिंडीपलीकडच्या सालोटा किल्ल्याच्या वाटेला मात्र अजूनही फारसं कुणी जात नाही. दोन्ही एका दिवसात होतात, पण सालोटा आधी केला तर. साल्हेर उतरून आल्यावर पाय बोलायला लागतात, ऊन डोक्यावर असतं आणि सालोट्याचा घसारा, म्हणजे सुट्या मुरमाची निसरडी वाट, थकल्या पायांनी करण्यासारखा अजिबात नाही.

नाशिकहून सटाणा साधारण ९० किलोमीटर. तिथून ताहाराबाद, मुल्हेर करत पायथ्याचं वाघांबे. एसटीच्या भरवशावर पहाटेची चढाई जमत नाही, म्हणून मुक्कामाला आदल्या रात्रीच गावात पोचायचं. सहाला निघालं की खिंडीपर्यंत दीड ते दोन तास. खालच्या टप्प्यात ढोरवाटा फार फसवतात. खिंड सतत नजरेसमोर ठेवायची. वाट बराच वेळ आडवीच चालली असेल तर ती गुरांची समजावी. माणशी तीन लिटर पाणी गावातूनच घ्यायचं.

खिंडीत उजवीकडे साल्हेर, डावीकडे सालोटा. अवजड सामान मी सालोट्यावर नेत नाही. एक छोटी पाठपिशवी, लिटरभर पाणी, बस. माकडं आहेत, तेव्हा खाऊची पिशवी खिंडीत ठेवू नये.

पुढची आडवी वाट हाच सालोट्याचा खरा पेपर. वरचा कातळ पक्का, पण त्याखालचा थर झिजून त्याचा मुरूम झालाय आणि तो कडक उतारावर नुसता पसरलेला असतो, त्यामुळे बूट कितीही चांगला असो, खालची खडीच सरकते. अशा जागी घाबरून डोंगराकडे अंग झुकवलं की पाऊल हमखास निसटतं, कारण वजन तळव्यावरून सुटतं. ताठ उभं राहायचं, पाऊल आख्खं टेकवायचं, लहान टाकायचं. गवत धरायचं नाही. जानेवारीनंतर ते मुळासकट हातात येतं. दोघांत चार-पाच पावलांचं अंतर हवं, आणि वळणावर पुढच्याच्या बरोबर खाली थांबू नये.

मग कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. काही गुडघ्याएवढ्या उंच. चढताना मजा येते, उतरताना तोंड डोंगराकडे करून, हात टेकत यावं लागतं. ज्याला दृष्टीभय आहे, म्हणजे खाली खोल दिसलं की भीती वाटते, त्याला मधे ठेवायचं. कातळकोरीव दरवाजे इथेच आहेत; सावलीही इथेच. माथ्यावरच्या टाक्यांतल्या पाण्यावर मी तरी भिस्त ठेवत नाही. खिंडीतून माथा गाठायला तासभर पुरतो. साल्हेरचा अख्खा कातळकडा आणि त्यावरून जाणारी वाट इथून जशी दिसते तशी खुद्द साल्हेरवरून दिसणार कुठून!

खिंडीत परत यायला साडेदहा वाजले तर साल्हेर आरामात होतो. तिथल्या पायऱ्या आणि कड्यालगतची वाट बरीच सोपी. दरवाजांची रांग, गुहा, गंगासागर तळं आणि मग १५६७ मीटरवरचं परशुरामाचं देऊळ: खिंडीतून दोन तास धरा. बारा वाजले असतील तर देऊळ सोडून गुहांपासूनच माघारी फिरावं, असं माझं मत.

पावसाळ्यात सालोटा नको. मुरूम बसलेला आणि गवत जिवंत असतं ते ऑक्टोबर-अखेर ते डिसेंबर. साल्हेरहून पश्चिमेला साल्हेरवाडीतही उतरता येतं, पण गाडी वाघांब्यात असेल तर आल्या वाटेनेच परतावं, नाहीतर डोंगराला वळसा घालून डांबरी रस्त्याने पायपीट होते.