रिमोटचे सेल

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज जिन्याच्या 25 फेऱ्या, हिमाचलातल्या फ्रेंडशिप शिखराची तयारी. चार मजले, पाठीवर दोन-दोन लिटरच्या सहा बाटल्या. मजल्याला 3 मीटर धरले तर 300 मीटर, म्हणजे पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड जेमतेम निम्मा. शेवटच्या फेरीला बाटल्या गच्चीवरच्या कुंड्यांत रिकाम्या करते, उतरताना गुडघ्यांना तेवढाच आराम. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, त्या मोगऱ्याला पोहायला शिकवतेयस का?" एरवी हसले असते.

सकाळचं डोक्यातून जात नाहीये.

मोहिमेच्या साहित्याच्या यादीत ऑक्सिमीटर आहे, रक्तातला ऑक्सिजन बघायला. कपाटाच्या खालच्या खणात होताच, सेल काढून रुमालात गुंडाळलेला. मी टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल काढून त्यात घातले. बोट घातलं, 98. जिने करून आल्यावर परत, 97. शाळेत पेपर मिळाल्यासारखी खूश झाले. तेवढ्यात आई रिमोट हातात घेऊन "सेल कुठे गेले गं" करत आली आणि माझ्या बोटाकडे बघून थांबली.

गप्प बसावं ना. नाही. म्हणाले, "बघ, इथे 97. तिकडे वर 84 दाखवेल, तरी चालतं."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. दूध तापलंही नव्हतं.

84 च का सुचावं मला? 85 म्हणता आलं असतं. 2021 च्या कालनिर्णयचं एप्रिलचं पान अजून आहे घरात. दुधाच्या नोंदींखाली तिच्याच अक्षरात नानांचे आकडे: 95, 93, 93, 90. 84 लिहिलेलं नाही. त्या रात्री पेन कोणाच्या हातात होतं? मी फोनवर, दादा खाली ॲम्ब्युलन्सची वाट बघत... असो.

आकडा तोच, मग एकीकडे धावाधाव आणि दुसरीकडे "छान, गरम पाणी प्या, झोपा" हे कसं? उत्तर मला पाठ आहे. फ्रेंडशिप 5289 मीटर. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच, पण हवेचा दाबच निम्म्यावर आलेला. शरीराला दिवस दिले तर ते सांभाळून घेतं, श्वास वाढवतं, रक्त बदलतं. म्हणून 3000 च्या वर झोपायची जागा दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही. आणि नुसता आकडा बघायचा नाही, माणूस बघायचा: डोकं दुखतंय का, जेवतोय का, सरळ चालतोय का. हे सगळं मी आईला सांगू शकले असते. दिवस दिले तर. नानांना दिले होते कोणी?

त्यातही गंमत म्हणजे ह्यातलं काहीच घरी करता येत नाही. चार महिने पहाटे पाचला उठतेय. मांड्या तयार झाल्या, दम वाढला, पण विरळ हवेशी ह्याचा संबंध शून्य. धडधाकट माणसालाही वर गेल्यावर त्रास होतो, उलट तोच जोरात पुढे जातो आणि आधी आडवा होतो. ग्रुपमधल्या एकाने तोंडाला लावायचा महागडा मास्क आणलाय. त्याने श्वास घ्यायला जोर लागतो, एवढंच. आतली हवा पुण्याचीच. आम्ही 560 मीटरवरचे लोक, आम्हाला काय करायचेत हे उद्योग, असं वाटत दिवसभर फुरंगटून बसले. कोणी सांगितलं होतं?

संध्याकाळी आईने अळिवाचा लाडू पुढे ठेवला. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आल्यापासून रोज एक. "वर लगेच चहा ढोसू नकोस, अंगी लागत नाही." मग टेबलावरचं ते मशीन स्वतःच उचललं, पदराला पुसलं आणि बोट घातलं. दोघी बघत बसलो. आकडा यायला नेहमीच जरा वेळ लागतो.

96.

"तुझ्यापेक्षा एकच कमी," आई म्हणाली. "आणि मी एक जिना चढले नाहीये." मग झाकण उघडून दोन्ही सेल काढले, रिमोटमध्ये घातले आणि सीरियल लावली. आवाज नेहमीपेक्षा मोठा. मीही बसले बघत, कोण कोणाची सून तेही ठाऊक नसताना.

उद्या सेल आणायचे. मोगऱ्याला दोन दिवस पाणी नको.