तुरकाटीची सावली

आमची मराठी शाळा बेळगाव तालुक्यात, काळ्या मातीच्या शिवारात. डिसेंबरात सहावीला हडप्पा संस्कृती शिकवत होतो. कालीबंगनला नांगरलेलं शेत सापडलं, हे वाचून दाखवलं तरी वर्ग थंडच. शेतकऱ्यांचीच पोरं, नांगरलेल्या रानाचं त्यांना काय कौतुक! म्हटलं, चला मैदानात.

तुरकाटीनं धुळीत ते शेत आखायला बसलो. राजस्थानात, घग्गरच्या कोरड्या पात्राकाठी, १९६० ते १९६९ च्या उत्खननात हे रान निघालं. हडप्पाकालीन नगर वसण्याआधीचं, साडेचार हजार वर्षांहून जुनं. एका दिशेची तासं, म्हणजे नांगराच्या रेघा, दाट, सुमारे ३० सेंटिमीटरवर. त्यांना छेदणारी विरळ, १९० सेंटिमीटरवर, म्हणजे चार हात अंतर. त्या भागातले आजचे शेतकरीही तशीच तासं धरतात, हे खोदणाऱ्यांना दिसलं. दाट तासांत बुटकं कडधान्य, विरळ तासांत उंच मोहरी.

एवढ्यात बिसिऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, तयार म्हणून सांगायला स्वयंपाकाच्या आक्का आल्या. पदराला हात पुसत माझं शेत बघत राहिल्या.

"सर, मोहरीची तासं उगवतीकडनं मावळतीकडं धरल्यात काय?"

"हो."

"मग खालचं पीक येतंय कसलं? सावलीतच की ते."

माझ्या हातातली तुरकाटी घेऊन त्यांनी मातीत रोवली. साडेबारा वाजले होते. सावली सरळ उत्तरेला. "ही मोहरी. आडवी ओळ धरली तर भर दुपारी सावली शेजारच्या पिकावर. दक्षिणोत्तर धरा, मोहरीची सावली मोहरीवरच पडतिया."

पोरं सावलीभोवती उकिडवी बसली. मी मात्र पुस्तक आणायला खोलीत पळालो. विरळ तासं उत्तर-दक्षिण, दाट पूर्व-पश्चिम. मी उलटं आखलं होतं! इतकी वर्षं आकडे पाठ, दिशेकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. उत्खनन करणाऱ्या बी. बी. लाल यांनीही कारण हेच दिलेलं. त्यात कालीबंगन आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला. डिसेंबरात तिथं भर दुपारची सावलीसुद्धा काठीहून लांब पडते.

बाहेर येऊन चूक कबूल केली. पोरांनी मैदान पुसून नव्यानं तासं ओढली, आक्कांच्या देखरेखीखाली.

"आता कोण करतंय ते रान?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. जपायला म्हणून परत मातीनं बुजवून ठेवलंय."

"चांगलं रान बुजवलं?" त्या म्हणाल्या, आणि भात निवतोय म्हणून पोरांना हाका मारत निघाल्या.