भाऊबीज झाली की पन्हाळा

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चर्चच्या गेटवर हजर, हे आमचं ठरलेलं असायचं. तरुण संघाचं शिबिर, तीन दिवस, पन्हाळ्यावर. कोल्हापुरातनं पन्हाळा म्हणजे जेमतेम वीस किलोमीटर, पण पिशव्या एवढ्या फुगलेल्या की एसटीचा कंडक्टर विचारायचा, पोरांनो घर सोडून चाललाय का काय. सतरंजी, स्वेटर, टॉर्च, बायबल, वही आणि डब्यात शेजारच्या काकूंकडनं आलेला फराळ. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडं जायच्या, दिवाळीत त्यांच्या चकल्या आमच्यासोबत गडावर.

मी पहिल्यांदा गेले २०१७ ला, सातवीत. आई पाठवत होती म्हणून गेले, खरं सांगते. घरात मी स्पष्ट बोललेली, "मी येणार नाही, मी घरीच राहतो." (आमच्याकडं मुली पण येतो-जातोच म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला त्यात काहीच वाटत नाही.) आजी फक्त एवढंच म्हणाली, "जा गं, वाघबीळाच्या पुढं गेलीस की वारा बदलतो." आणि बदलतो खरंच, अजून बदलतो. तो घाट चढायला लागला की मागच्या सीटवर ढोलकी सुरू व्हायची, कुणीतरी पेटी मांडीवर घेतलेली, आणि ना. वा. टिळकांचे अभंग, जे रविवारी उपासनेत आम्ही झोपेत म्हणायचो, तेच तिथं खिडकीतनं बाहेर तोंड काढून म्हणताना अंगावर काटा यायचा.

उतरायचो एका जुन्या बंगल्यात. मुली वर, मुलं खाली, पाण्याला एकच नळ, त्यावर सकाळी सहाला भांडणं. दिवसभर बायबल अभ्यास, मग गडावर फेरी, तीन दरवाजा, अंबरखाना, तबक उद्यानाबाहेर झुणका-भाकर, परत अभ्यास, नाटुकली, आणि दुसऱ्या रात्री तांबडा-पांढरा, जो संघातले एक काका स्वतः चुलीजवळ उभे राहून करायचे आणि कुणालाही पळी हातात घेऊ द्यायचे नाहीत. त्या रश्श्याबद्दल मी वेगळा लेख लिहू शकते.

पण मला लिहायचंय ते साखळी प्रार्थनेबद्दल.

ज्यांनी कधी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. रात्री शेवटची उपासना झाली की लाइट बंद, मधे एक मेणबत्ती, सगळे गोल करून हात धरून बसायचे. एकजण प्रार्थना सुरू करणार, त्याची झाली की त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, मग तो करणार. आणि ज्याला मोठ्यानं करायची नसेल त्यानं काही न बोलता पुढच्याचा हात दाबायचा. बस. कुणी विचारत नाही, कुणी वळून बघत नाही, अंधारच असतो.

पहिली दोन वर्षं मी हात दाबून मोकळी झाले. शब्दच सुचायचे नाहीत. बाकीचे काय सुंदर बोलायचे, हे स्वर्गीय पित्या, हे कृपाळू देवा, आमच्या अपराधांची क्षमा कर, पाळकसाहेबांसारखं सगळं. मला वाटायचं आपल्याला हे येत नाही म्हणजे आपल्यात विश्वासच नाही, आपण फक्त ख्रिस्ती घरात जन्मलो एवढंच. पण एक सांगते, त्या दोन वर्षांत एकदाही कुठल्या ताईनं किंवा दादानं "काय गं, तू का नाही केलीस" असं विचारलं नाही. याची किंमत मला फार नंतर कळली.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरवाल्यांना सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गाड्या दोन्हीकडं अडकलेल्या. आमचं घर जयंती नाल्याच्या बाजूला. रात्रीतनं अंगावरच्या कपड्यांनिशी मामाकडं राजारामपुरीत गेलो, आणि आठवड्यानं परत आलो तर भिंतींवर माझ्या खांद्याएवढी पाण्याची रेघ. आजीचं बायबल कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिलेलं. फुगून विटेसारखं झालेलं. त्याच्या पहिल्या पानावर आजोबांच्या अक्षरात घरातल्या सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्म्याच्या तारखा होत्या, ती शाई पसरून नुसता निळा डाग. आजी रडली नाही. तिनं ते गच्चीवर उन्हात ठेवलं आणि येता-जाता एकेक पान उलटत बसायची, वाळवणाला बसावं तशी.

गाळ काढायला तरुण संघाची पोरं आली होती, चार दिवस, खराटे आणि बादल्या घेऊन, घरोघरी, चर्चची असोत नसोत. मी त्यांच्याशी पण नीट बोलले नाही. मला देवाचा राग आला होता, तसाच, माणसाचा येतो तसा.

त्या वर्षी शिबिराला मी का गेले, मला नीट सांगता येणार नाही. पोरं घर धुवायला आली होती, त्यांना नाही कसं म्हणायचं, असंही असेल. पाऊस तेव्हाही थांबला नव्हता, ऑक्टोबर संपत आला तरी गडावर धुकं आणि रिपरिप. दुसरा दिवस ३१ ऑक्टोबर. पाळकसाहेब म्हणाले आज धर्मसुधारणेचा दिवस, १५१७ साली याच तारखेला जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकानं विटेनबर्गमध्ये चर्चच्या चुकांवर बोट ठेवणारे ९५ मुद्दे मांडले. आम्ही काही ल्यूथरन नव्हे, आमचं चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, मुळात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, पण ही गोष्ट आम्हा सगळ्यांचीच. पाऊस जरा थांबला तसे साहेब आम्हाला सज्जा कोठीपाशी घेऊन गेले आणि तिथं उभं राहून सांगितलं की ल्यूथरला पण जिवाच्या भीतीनं वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपावं लागलं होतं, नाव बदलून, दाढी वाढवून, आणि तिथं बसून त्यानं अडीच-तीन महिन्यांत बायबलमधला अख्खा नवा करार जर्मनमध्ये आणला, साध्या माणसाला कळेल असा. गडावर उभं राहून गडाची गोष्ट, कोल्हापूरच्या पोरांना आणि काय पाहिजे. एकजण म्हणाला, "साहेब, म्हणजे त्यांचा पण पन्हाळाच की." साहेब हसले, व्हय म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. ल्यूथरचा एक न्हावी होता, पीटर नावाचा. त्यानं विचारलं, प्रार्थना कशी करायची? तर एवढ्या मोठ्या माणसानं त्या न्हाव्यासाठी १५३५ साली एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यात म्हटलंय की दाढी करताना तुझं लक्ष कसं वस्तऱ्यावर असतं, तसं प्रार्थनेत असू दे. आणि म्हटलंय की तू एकट्यानंच गुडघे टेकलेत असं समजू नको, सगळी ख्रिस्ती मंडळी तुझ्या शेजारी उभी आहे. मला त्या क्षणी ती खराटेवाली पोरं दिसली, गुडघाभर गाळात, आमच्या स्वयंपाकघरात.

रात्री साखळी प्रार्थना. बाहेर पत्र्यावर पाऊस. डावीकडच्या ताईनं माझा हात दाबला. मी पुढं दाबणार होते, सवयीनं बोटं हललीसुद्धा, आणि तोंडातनं आलं, "देवा, आजीचं बायबल भिजलं. मला तुझा लई राग आलाय. पण मी आलोय. आमेन."

एवढंच. स्वर्गीय पित्या नाही, कृपाळू नाही. छाती धडधडत होती आणि ताईनं माझा हात सोडलाच नव्हता, उलट जरा घट्ट धरला होता. मला आतून कसं हलकं वाटलं ते मी आजही कुणाला सांगायला जाते आणि शब्द कमी पडतात. राग गेला नव्हता. पण मी ज्याच्यावर रागावले होते तो तिथं होता, ऐकत होता, याची मला त्या रात्री पहिल्यांदा खात्री पटली, आणि रागावायला पण समोर कुणीतरी असावं लागतं ना.

त्यानंतर दृढीकरण झालं, म्हणजे आपला विश्वास आपण स्वतः मंडळीसमोर कबूल करायचा विधी, लॉकडाऊनमध्ये शिबिर फोनवर झालं, आता मी मुलींच्या गटाची ताई आहे, नळावरची भांडणं मीच सोडवते. ते सगळं आहेच.

पण त्या वर्षी शिबिरातनं घरी पोचले तर आजीला आधीच कळलेलं, कुणी सांगितलं देव जाणे, कोल्हापूर आहे. तिनं विचारलं काहीच नाही. चहा झाल्यावर ते फुगलेलं बायबल आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "स्तोत्रांतली पानं चिकटलीत बघ, माझ्या हाताला जमत नाही, तू सोडव." मग आम्ही दोघी बसलो. तिनं पान धरायचं, मी सुरीचं बोथट टोक अलगद आत घालायचं, आणि जेवढ्या ओळी सुटतील तेवढ्या मोठ्यानं वाचायच्या. दिवे लागेपर्यंत अकरा पानं सुटली.