मावशी, याचा डीमन कुठे आहे?

दिवाळीच्या सुट्टीत भाची आठ दिवस राहायला आली होती. अकरा वर्षांची आहे, येताना फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' अर्धं वाचून आली होती आणि उरलेलं अर्धं माझ्याकडे तीन दिवसांत संपवलं, जेवतानासुद्धा पुस्तक ताटाशेजारी पालथं ठेवलेलं. मग अर्थातच त्यावरची सीरिज बघायचा हट्ट. बीबीसी आणि एचबीओची 'हिज डार्क मटेरियल्स', २०१९ ते २०२२, तीन सीझन. मी आधी बघितली होती आणि आवडलीही होती, म्हणून मोठ्या हौसेने लावली. थोड्याच वेळात तिने रिमोट घेतला, पॉज केलं, आणि मागे उभ्या असलेल्या एका माणसावर बोट ठेवून विचारलं, "मावशी, याचा डीमन कुठे आहे?"

पुस्तक न वाचलेल्यांसाठी सांगते. लायरा ही गोष्टीची नायिका. तिच्या जगात प्रत्येक माणसाचा जीव त्याच्या शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात असतो, त्याला डीमन म्हणतात. तो बोलतो, भांडतो, घाबरतो, आणि माणसापासून फार लांब गेला तर दोघांनाही असह्य वेदना होतात. लहान मुलांचा डीमन सतत रूप बदलतो आणि मूल मोठं झालं की एका रूपात कायमचा स्थिरावतो. लायराच्या डीमनचं नाव पॅन्टलायमन, लाडाने पॅन. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ती ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजच्या अंधाऱ्या हॉलमधून चोरपावलांनी चाललेली असते आणि पॅन गडद तपकिरी पतंग झालेला असतो, का तर अंधारात दिसू नये म्हणून. हे पुलमन एका वाक्यात सांगून पुढे जातो, पण आपल्याला लगेच कळतं की ही मुलगी आणि तिचा जीव दोघं मिळून काहीतरी खोडी करायला निघालेत.

आणि हे फक्त लायरापुरतं नाही. नोकरांचे डीमन बहुतेक कुत्रे असतात, म्हणजे दारात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी काय बसलंय यावरून त्याची समाजातली जागा कळते. मोठी माणसं गोड बोलत असतात तेव्हा त्यांचे डीमन एकमेकांकडे कसे बघतात यावरून खरं काय चाललंय ते कळतं. मिसेस कूल्टरच्या घरात लायरा खांद्यावरची छोटी पर्स काढून ठेवायला नाही म्हणते, तेव्हा बाईचा आवाज जराही चढत नाही, पण तिचं सोनेरी माकड पॅनला दाबून धरतं आणि त्याचा कान असा ओढतं की आता तुटणार. तो सगळा राग माकडात आहे, बाई शांत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा हात आपोआप कानाकडे गेला होता.

आता सीरिजमध्ये काय झालं, तर प्रत्येक डीमन कॉम्प्युटर ग्राफिक्सने करायचा, म्हणजे प्रत्येक प्राण्याचे केस, डोळे, सावली, माणसाशी होणारा स्पर्श, सगळ्याचे पैसे आणि सगळ्याचा वेळ. सेटवर पपेटीअर्स कापडी प्राणी घेऊन उभे राहायचे, म्हणजे नटांना बघायला आणि धरायला काहीतरी मिळावं, मग त्या जागी खराखुरा दिसणारा प्राणी बसवायचा. फार मेहनतीचं काम आहे आणि केलंयही सुंदर. पण त्यामुळे झालं असं की जिथे नडेल तिथेच डीमन. माणसांनी भरलेली खोली आणि त्यात मोजके चार प्राणी. आणि पॅन, जो पुस्तकात पानापानाला बदलतो, तो बराचसा वेळ एकच पांढरा मुंगसासारखा प्राणी.

हे फक्त हौशी वाचकाचं रडगाणं आहे असं कोणाला वाटेल, पण याने गोष्टच मोडते आणि कुठे मोडते ते मला नेमकं दाखवता येतं. पुस्तकात लायराला बर्फाळ उत्तरेत मासे वाळवायच्या एका खोपटात टोनी मकारिओस नावाचा मुलगा सापडतो. त्याचा डीमन, नाव रॅटर, त्याच्यापासून कापून वेगळा केलेला असतो. तो पोरगा एक वाळलेला मासा छातीशी घट्ट धरून बसलेला असतो, डीमन धरावा तसा, आणि विचारत राहतो की माझी रॅटर कुठे आहे. लायराला उलटी येईल असं होतं, पळून जावंसं वाटतं, मुंडकं नसलेला माणूस चालत यावा इतकं ते तिच्यासाठी भयंकर आहे. तो पुढे मरतो, कोणीतरी तो मासा काढून कुत्र्यांना घालतं, आणि लायरा त्या मोठ्या माणसांवर जी काही चिडते ना!

वाचताना आपल्यालाही तेवढंच भयंकर वाटतं कारण तोवर दोनशे पानं आपण डीमनशिवाय एकही माणूस बघितलेला नसतो, डोळ्यांना सवय झालेली असते. पण ज्या पडद्यावर निम्मी माणसं पहिल्यापासून डीमनशिवायच फिरतायत, तिथे डीमन नसलेलं एक पोर आणून उभं केलं तर धक्का बसणार कसा? दोष ना नटांचा ना दिग्दर्शकाचा. माध्यमच चुकीचं निवडलं गेलंय असं माझं स्पष्ट मत आहे. सीरिजच्या आधी याच पुस्तकावरचा २००७ चा सिनेमा 'द गोल्डन कंपास' होता, त्याला तर व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तरी माझी अडचण तीच.

ही गोष्ट ॲनिमेशनमध्येच व्हायला हवी होती. तिथे माणूस आणि त्याच्या खांद्यावरचा कावळा एकाच हाताने, एकाच रेषेने काढलेले असतात. कष्ट तिथेही आहेत, गर्दीतला प्रत्येक प्राणी कोणालातरी काढावाच लागणार, पण माणूस खरा आणि प्राणी नंतर आणून चिकटवलेला अशी फाळणी तिथे नसते. पतंगाचं मांजर होणं आणि लायराने भुवई उंचावणं, दोन्ही एकाच जातीच्या हालचाली.

लगेच कोणीतरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं नाव काढणार. बरोबर आहे. १९७८ मध्ये राल्फ बक्षीने त्याचा ॲनिमेशनपट केला होता, खऱ्या नटांचं शूटिंग करून त्यावरून चित्रं गिरवून, आणि तो हेल्म्स डीपच्या लढाईनंतर संपतो, गोष्ट अर्धीच. मग पीटर जॅक्सनचे तीन, २००१ ते २००३, शेवटच्याला अकरा ऑस्कर. ते लाइव्ह-ॲक्शन होते हेच योग्य होतं आणि त्यांना मी हातही लावू देणार नाही. कारण टॉल्किनच्या त्या गोष्टीत जादू तशी कमी आहे हो, चालणं जास्त आहे. चिखल, भूक, फुटलेले ओठ, डोंगर चढताना सॅमची होणारी दमछाक. हे खऱ्या अंगावर, खऱ्या दगडांत बघितलं की आपले पाय दुखतात. कॉम्प्युटरने केलेला गॉलमसुद्धा अँडी सर्किससारखा नट खरोखर तिथे रांगला म्हणून तसा झाला. पुस्तकात जादू अधूनमधून येत असेल तर खऱ्या माणसांना घ्या, आणि जादू प्रत्येक वाक्यात मुरलेली असेल तर काढा, रंगवा. माझा हिशोब इतकाच आहे.

जपानी दिग्दर्शक मियाझाकीच्या २००४ च्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' या ॲनिमेशनपटात याचा पुरावाच आहे. मूळ पुस्तक डायना विन जोन्सचं, १९८६ चं, त्यात सोफी नावाच्या तरुण मुलीवर शाप पडून ती म्हातारी होते. सिनेमात ती झोपली की तिचा चेहरा तरुण होतो, हाउलची बाजू घेऊन पोटतिडकीने बोलताना पाठ हळूहळू सरळ होते, सुरकुत्या जातात, आणि धीर सुटला की परत म्हातारी. कोणी त्यावर काही बोलत नाही, सांगत नाही. खरी नटी घेतली असती तर एक तरुण, एक वयस्कर, मेकअप, मध्ये कट, आणि आपण मेकअपकडे बघत बसलो असतो.

हे बोलले की घरचे म्हणतात, ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं. मला याचा खरंच राग येतो. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी जपानी आणि भारतीय कलाकारांना घेऊन केलेलं रामायण २०२५ च्या जानेवारीत पुन्हा थिएटरला लागलं तेव्हा मी आईला घेऊन गेले होते. कुंभकर्ण उठतो तेव्हा पडदा पुरत नाही. आई सत्तरीची आहे, तिने माझं मनगट धरलं होतं.

मिसेस कूल्टरच्या बाबतीत मात्र मी अडते. रूथ विल्सनने सीरिजमध्ये ती बाई जी उभी केलीय, हसता हसता डोळे मरतात तिचे, तसं कोणाला रेषेत काढता येईल का, मला माहीत नाही. ते गमवावं लागेल आणि मला वाईट वाटेल. तरीही मी ॲनिमेशनच मागेन.

भाचीने सीरिज चार एपिसोडनंतर बंद केली, नको म्हणाली. जाताना चित्रकलेची वही इथेच विसरली, काल पलंगाखाली सापडली. मधल्या पानावर पेन्सिलने टोनी काढलाय, मासा छातीशी धरून उभा. त्याच्यापासून मागे सरकलेली बरीच माणसं आहेत, घाईत काढलेली, काहींना तोंडं पण नाहीत. पण प्रत्येकाच्या पायाशी नाहीतर खांद्यावर काहीतरी आहे, कुत्रा, घार, खार, एकाच्या कॉलरमधून डोकावणारा उंदीर. मी बोट ठेवून मोजत गेले, एकही माणूस सुटलेला नाही.