पन्नास शाफ्ट आणि तेरा मायक्रॉन

व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचा फोटो येतो. शाफ्ट, ५० नग, मटेरियल ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद), लांबी २४० मिमी. मधल्या भागाचा व्यास ३६, दोन्ही बाजूंना ६२०६ नंबरच्या बेअरिंगसाठी ३० ची सीट (बेअरिंग बसायची जागा), एका बाजूला पुढे ऑइल सीलसाठी २८ आणि टोकाला कपलिंगसाठी २५ वर ८ ची की-वे, म्हणजे चावीची खाच. खाली एकच प्रश्न: कधी देता? भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपला हे रोजचं काम. सीएनसी लेथवर एका नगाला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात, तरी उत्तर असतं ‘तीन आठवडे’. गिऱ्हाइकाला ते पटत नाही.

भाव काढण्याआधी विचारायचं ते बेअरिंग सीटबद्दल. ड्रॉइंगवर नुसतं ‘३०’ असेल आणि कोपऱ्यात आयएसओ २७६८ मध्यम (मापात किती फरक चालतो त्याचं सर्वसाधारण मानक) लिहिलं असेल, तर कागदोपत्री ±०.२ मिमी चालतं. तसा शाफ्ट केला तर बेअरिंग एक तर हातात खुळखुळेल, नाही तर चढणारच नाही. इथे ३० के ६ ही नेमक्या फिटची श्रेणी लागते, म्हणजे ३०.००२ ते ३०.०१५. पट्टा फक्त १३ मायक्रॉनचा, म्हणजे मिमीच्या १३ हजारांशांचा. ड्रॉइंगऐवजी तुटलेला जुना शाफ्ट आला तर धोका आणखी वेगळा: झिजलेली सीट २९.९७ भरते आणि कोणीतरी इमानेइतबारे २९.९७ चेच पन्नास नग काढून ठेवतो.

मग बार. ४० मिमीचा काळा बार घ्यायचा, कारण हॉट रोल्ड बारच्या सालीतला कार्बन कमी झालेला असतो आणि ती साल पूर्ण निघायला हवी. वजनाचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो. तुकडा २४७ चा: दोन्ही बाजूंना फेसिंगचे (टोक सपाट करायचे) दोन-दोन आणि बँडसॉच्या पात्याचे तीन. सहा मीटरच्या बारमध्ये २४ तुकडे बसतात, दोन बारमध्ये ४८. लागतात ५२, कारण सेटिंगला आणि रिजेक्शनला दोन जास्तीचे धरावेच लागतात. म्हणजे चार तुकड्यांसाठी तिसरा बार. तो रॅकवरच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून भागवायचा मोह इथेच होतो. तिथला एखादा तुकडा एमएस (कमी कार्बनचं साधं पोलाद) निघाला तर लेथवर कोणाला कळत नाही. इंडक्शन हार्डनिंगहून (कॉइलने तापवून पृष्ठभाग कडक करण्याहून) तो मऊच परत आला की कळतं. बारच्या टोकाला रंग आणि हीट नंबर (पोलादाच्या त्या वितळणीचा क्रमांक) टाकायचा तो यासाठी.

लेथवर दोन्ही बाजूंनी फेसिंग, सेंटर ड्रिल, रफ, फिनिश. सीट आणि सीलची जागा व्यासाला ०.३५ मिमी जास्त ठेवायची, ग्राइंडिंगसाठी. लेथच्या सेटिंगला दोन तास लागले तर पन्नास नगांत वाटून नगामागे अडीच मिनिटंही येत नाहीत. एकच नग असेल तर ते दोन तास त्याच्याच बिलात जातात. ‘एका नगाचा एवढा भाव?’ याचं उत्तर हे.

की-वे हार्डनिंगच्या आधी मारायची आणि लगेच बर (कडेला उरलेली धारदार कोर) काढायची. हार्डनिंग फक्त २८ च्या सीलच्या जागेवर करायचं, ५० ते ५५ एचआरसी (कडकपणाचं माप). कॉइल की-वेपर्यंत गेली तर खाचेच्या कडा जास्त तापतात आणि तिथून तडा जातो.

सगळ्यात जास्त भानगडी याच्या पुढे. हार्डनिंगनंतर शाफ्ट वाकतो. सेंटरमध्ये धरून डायल लावा, काटा ०.४ फिरला आणि जादा मटेरियल ०.३५ च असेल, तर ग्राइंडिंगनंतरही एका बाजूला न घासलेला पट्टा राहतो. म्हणून आधी प्रेसवर सरळ करायचं. सेंटरच्या भोकातली खपलीही साफ करायची, कारण ग्राइंडरवर शाफ्ट त्या भोकांवरच फिरतो. भोक वाकडंतिकडं असेल तर सीटही गोल येत नाही.

ग्राइंडिंगवाल्याला दोन गोष्टी लिहूनच द्याव्यात. सीलची जागा प्लंजने, म्हणजे चाक सरळ आत नेऊन, घासायची. चाक आडवं सरकवलं तर पृष्ठभागावर बारीक आटे उमटतात आणि शाफ्ट फिरला की तेच तेल बाहेर ढकलतात. मग दोष सीलला दिला जातो. दुसरं, माप गार झाल्यावर घ्यायचं. ३० चा शाफ्ट १५ अंश जास्त गरम असेल तर पाच मायक्रॉन मोठा दिसतो. तेरातले पाच तिथेच गेले.

सीट आणि ३६ च्या खांद्यामधला कोपरा हाही नेहमीचा घोळ. ६२०६ च्या कोपऱ्याची त्रिज्या किमान १ मिमी. शाफ्टची त्याहून मोठी राहिली तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही. चाकाची धार झिजली की हे हमखास होतं. ड्रॉइंगमध्ये आधीच अंडरकट (कोपऱ्यात आत घेतलेली छोटी खाच) मागून घ्यावा.

पहिल्या नगाची सगळी मापं कागदावर घ्यायची, नंतर सीट प्रत्येक नगाची आणि बाकीची मापं मधूनमधून. हातमोज्यांशिवाय घासलेल्या सीटला हात नको. पावसाळ्यात बोटांचे ठसे सकाळपर्यंत गंजून वर येतात. तेल, गंज रोखणारा व्हीसीआय पेपर, वरून प्लास्टिकची जाळी. क्रेटमध्ये शाफ्टवर शाफ्ट टाकला की ठोका बसतो, ठोक्याभोवतीचं लोखंड वर येतं आणि गेजमधून पास झालेला नग गिऱ्हाइकाकडे नापास होतो.

एवढ्यात टेम्पोच्या फेऱ्या तीन झालेल्या असतात: हार्डनिंग, ग्राइंडिंग, डिलिव्हरी. प्रत्येक ठिकाणी मालाचं चलान, प्रत्येक ठिकाणी रांग, आणि उतरवून घेताना प्रत्येक वेळी नग मोजायचे. ५२ पाठवलेले ५१ होऊन परत येतात. इनव्हॉइससोबत तपासणीचा कागद आणि मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट जातं. उरलेला चांगला नग तेल लावून, ड्रॉइंगच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून कपाटात ठेवावा. सहा महिन्यांनी तोच फोटो पुन्हा येतो, बहुतेक वेळा रिव्हिजन बदलून.